मामाची हौस

"सर, गाणं सुरू कधी होतंय?"

परभणीत माझे केस कापणाऱ्या कारागिराने हे विचारलं तेव्हा त्याच्या एका कानात माझा इअरफोन होता, हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली माझा गळा होता. गाणं सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. तेच गाणं आहे, असं मी त्याला गळा न हलवता सांगितलं. त्याने इअरफोन काढला, टॉवेलला पुसून माझ्या खिशात घातला आणि मानेवरचे उरलेले केस जरा घाईनेच उरकले.

मी गणिताचा मास्तर. वय ५१. दारू नाही, तंबाखू नाही, राजकारण नाही. टाळेबंदीत मुलगा पुण्याहून घरी आला, जाताना जुना हेडफोन विसरून गेला आणि एवढ्या एका वस्तूने माझा घात केला. आधी हाऊस नावाचं यंत्रांवरचं नाचाचं संगीत ऐकू लागलो, मग टेक्नो. तिथवर ठीक होतं. घरातल्या माणसाला वाटायचं, हे झोपलेत. पण ऐकून गप्प बसणं माझ्याच्याने होईना. नवीन काही निघालं की ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला अन्न जाईना. शाळेत विज्ञानाच्या सरांना मी फ्लोटिंग पॉइंट्सचा 'कॅस्केड' दिला. २०२४ चा अल्बम. करणाऱ्याने मेंदूविज्ञानात पीएचडी केलेली आहे, म्हटलं निदान शास्त्र म्हणून तरी ऐकतील. ते म्हणाले, एवढं शिकून त्याला नोकरी लागली नाही का? जेमी एक्सएक्सने पहिल्या अल्बमनंतर नऊ वर्षांनी 'इन वेव्ह्ज' काढला, तो मी मुख्याध्यापकांना धाडला. त्यांना नऊ वर्षांचं काही वाटलं नाही. शाळेच्या स्वच्छतागृहाची फाईल त्याहून जुनी आहे. केट्रनाडाचा 'टाइमलेस' खताच्या दुकानदाराला सांगितला. फोर टेटचा 'थ्री' मात्र मी कुणालाच दिला नाही. तो संध्याकाळी गच्चीवर एकट्याने ऐकायचा आहे, आणि आमच्या गच्चीवर संध्याकाळी मी एकटाच असतो. त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तर अशा या माणसाच्या भाच्याचं लग्न निघालं. अक्का पोखर्णीला दिलेली. परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरचं, नृसिंहाचं पोखर्णी. स्टेशनाच्या पाटीवरसुद्धा 'पोखर्णी नृसिंह' असं देवासकट नाव आहे. बहिणीच्या गावात मी सगळ्यांचाच मामा. पोरं मामा म्हणतात, पोरांचे बाप मामा म्हणतात, पंचाहत्तरीचे म्हातारेही मामाच म्हणतात. मराठीत मामा होण्याचे दोन अर्थ आहेत. त्या लग्नात मी दोन्ही अर्थांनी झालो.

वैशाख होता. लग्नाच्या सकाळी मी परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो आणि हेडफोनवर क्राफ्टवेर्कचा 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' लावला. ड्युसेलडॉर्फच्या या मंडळींनी १९७७ साली रुळांचा खडखडाट यंत्रांवर उतरवून त्याचं संगीत केलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमची म्हण. तिचा अर्थ आजवर कुणाला सांगता आलेला नाही. वाटेतल्या सिंगणापूरला गाडी थांबली तरी माझ्या कानातली गाडी धावतच होती आणि तिथे मला त्या म्हणीचा अर्थ लागल्यासारखं वाटलं. जर्मनीने करून ठेवलंय, आता परभणीने ऐकायचं. ते परभणीला ऐकवण्याचं काम कुणाकडे असणार, हे सांगायला नकोच. खिशात लाल पेन ड्राइव्ह होता. त्याला शाळेतली चिकटपट्टी लावून वर मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हाऊस, निवडक'.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, त्या परण्यापुढे डीजे लावलेला होता. म्हणजे एक टेम्पो, त्यावर माणसाच्या उंचीचे बेस, बेसवर टॉप, मागे जनरेटर आणि या सगळ्याच्या कुशीत बसलेला वीस-बावीस वर्षांचा ऑपरेटर. कानांत त्याने कापसाचे बोळे घातले होते. परभणीच्या कापसाचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. मी त्याला पेन ड्राइव्ह दिला. त्याने पट्टी वाचली.

"हौस?"

"हाऊस."

"तेच की. मामाची हौस हाय म्हनल्यावर वाजवूत."

मग मी त्याला चरणजित सिंगांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी सगळ्यांनाच सांगतो. सापडेल त्याला धरून सांगतो. मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांत साथ करणारा हा वादक. स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, लग्नांतून वाजवायचा. १९८२ साली त्याने रोलँड कंपनीची तीन यंत्रं जुळवली : तालाला ८०८, खर्जाला ३०३ आणि वरच्या सुरांना ज्युपिटर-८. त्यावर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कुणी घेतली नाही. पुढे पाच वर्षांनी, १९८७ ला, अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ चे कान पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं आणि जगाने नव्या संगीताचा जन्म झाला म्हणून टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसाची तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० ला ती नव्याने निघाली आणि मग साहेब लोक चकित झाले. तोवर चरणजित सिंग सत्तरी गाठत आले होते. २०१५ साली ते मुंबईतच वारले. आधी त्यांचा भैरव लाव, मी म्हणालो. सकाळची वेळ आहे, लग्नाचं घर आहे, आणि लग्नात वाजवणाऱ्याच माणसाचं काम आहे.

ऑपरेटर मान डोलावत सगळं ऐकत होता. बोळे कानातच होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दुसरी चूक निखळ माझी. पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांना मी क्रमांक घातले नव्हते. प्रश्नांना क्रमांक घाला, उत्तरांना क्रमांक घाला, म्हणून २६ वर्षं पोरांवर ओरडणारा मी! क्रमांक नसले की यंत्र इंग्रजी मुळाक्षरांनी चालतं. 'अ‍ॅसिड' ए वरून. चरणजितांच्या गाण्यांची नावं 'राग' म्हणून आरपाशी. तेव्हा भैरव खाली कुठेतरी राहिला आणि भर अकरा वाजता, अक्काच्या दारासमोर, पोखर्णीच्या उन्हात 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' सुरू झालं. लांबी बारा मिनिटं.

आधी नुसताच ठेका. धप, धप, धप, धप. पोरांनी सवयीने हात वर केले आणि वरच ठेवले, कारण पुढे काही येईना. हाऊसमध्ये सुरुवातीला असा रिकामा ठेका सोडलेला असतो, तो डीजेसाठी. आधीची तबकडी संपत आली की या रिकाम्या जागेत त्याने दुसरीची चाल पहिलीशी मिळवायची आणि कुणाला न कळता एकीतून दुसरीत जायचं. पण आमच्याकडे आधीची तबकडीच नव्हती. हात वर करून उभी असलेली पन्नास-साठ पोरं एखाद्या ठरावाला पाठिंबा दिल्यासारखी दिसत होती.

"गाणं सुरू कधी होतंय?" मागून बाईमाणसांतून आवाज आला. हाच प्रश्न परभणीहून माझ्यामागोमाग त्याच गाडीने आला असावा.

मग ३०३ बोलू लागलं. हा आवाज लिहून दाखवता येत नाही, पण पोखर्णीला तो ताबडतोब ओळखू आला. ओट्यावरचे एक म्हातारे उठून उभे राहिले. "मोटारीनं हवा धरली," ते म्हणाले. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार अशीच बोलते : गुळगुळ, मग चिर्रर्र, मग उचकी. दोघंजण खरोखरच शेजारच्या बोअरकडे पळाले. कुणी तरी वायरमनला फोन लावला. एकाने बेसवर दोन थापडा मारून पाहिल्या. त्याच्या घरातला टीव्ही तसाच दुरुस्त होत असणार. मी टेम्पोला धरून उभा राहिलो आणि ओरडून सांगू लागलो की काही बिघडलेलं नाही, या यंत्राचा आवाज असाच आहे. एकट्या गिटारवाल्याला सरावाला खर्जाची साथ मिळावी म्हणून हे यंत्र काढलं, पण ते खऱ्या बेस गिटारसारखं वाजेचना, म्हणून कंपनीने १९८४ ला बंद केलं आणि मग जुन्या बाजारात ते स्वस्तात...

"मंग बंद पडलेलं कशाला वाजवायलाव मामा?" एक पोरगा म्हणाला. माझ्याकडे उत्तर होतं. पण ते लांबलचक होतं.

एवढ्यात भाच्याकडे लक्ष गेलं. तो घोड्यावर होता आणि घोडा नाचत होता.

घोड्याचं नाव बादल. पांढरा, गुडघ्यांना घुंगरांचे पट्टे, पाठीवर आरशांची झूल. लग्नाचा नाचणारा घोडा हलगीवर तयार केलेला असतो. ठोका पडला की पाय उचलायचा, जागच्या जागी. हलगी थांबली की थांबायचं, मग पुढे चालायचं. हलगीवाला माणूस आहे. त्याचा हात दुखतो, तो बिडी ओढतो, कुणी दहाची नोट ओवाळली तर ती घ्यायला थांबतो. त्या थांबण्यांतच घोडा श्वास घेतो आणि परण्या पुढे सरकतो. शिकागोच्या पोरांनी ठेका यंत्रावर लावलेला होता. त्याचा हात दुखत नाही. मिनिटाला एकशे वीस ठोके आणि मध्ये श्वास नाही.

बादलने आयुष्यात इतकी इमानदार हलगी ऐकलेली नव्हती. पोखर्णीत त्या क्षणी 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' कळलेला तो एकच जीव होता. उजवा पाय, डावा पाय, मान खाली, मान वर. आणि एक पाऊलही पुढे नाही. परण्या कीटकनाशकाच्या दुकानासमोर थिजला. वर ४२ अंशांचं ऊन, खाली खळ्यात उफणल्यासारखा उडणारा नवरदेव. त्याच्या एका हातात कट्यार, दुसऱ्या हातात लिंबू. धरावं काय आणि सोडावं काय, हे त्याला कळेना. फेटा आधी डाव्या कानावर आला, मग डोळ्यांवर.

"बंद करा!" घोडेवाला ओरडला.

ऑपरेटरच्या कानात बोळे आणि पाठ आमच्याकडे. तेव्हा मीच टेम्पोवर चढलो. मामाचा मान! पुढ्यात मिक्सर, त्यावर चाळीस तरी गुंड्या. गेली चार वर्षं मी या गुंड्यांबद्दल लोकांना सांगत आलोय. कुठली कशाची, कुणी कुठल्या साली पिळली. प्रत्यक्षात एकही हाताला ओळखीची वाटेना. एक फिरवली. खर्ज वाढला. दुकानाच्या शटरने थरथरून साथ धरली आणि बादलने पाय आणखी वर उचलला. पोरांना वाटलं, मामा स्वतः वाजवतायत; त्यांनी पहिल्यांदाच शिट्ट्या मारल्या. खोटं कशाला बोला, अर्धा सेकंद मला बरं वाटलं.

मग मी जनरेटर बंद केला.

शांतता इतकी एकदम पडली की बोअरकडे गेलेले दोघं तिकडून "झाली का दुरुस्त?" म्हणाले ते सगळ्यांना ऐकू आलं. बादल शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी गच्च थांबला. भाचा थांबला नाही. तो पुढे सरकून घोड्याच्या मानेला मिठी मारून लोंबकळला, लिंबू गटारात गेलं आणि फेटा कीटकनाशकाच्या दुकानदाराने वरच्यावर झेलला. पुढे मारुतीपर्यंत परण्या गावच्या मानाच्या हलगीवर गेला. वाजवणारे बाबा सकाळपासून एका कडेला बसून होते. डीजे असल्यावर त्यांना कोण विचारतं? त्यांनी हलगी शेकली, दोन ठोके टाकले, थांबून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग वाजवायला लागले.

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. लग्न लागलं सव्वा वाजता. आमच्याकडे हा उशीर धरत नाहीत, पण अक्काने धरला. अंतरपाटामागे मामा म्हणून उभा होतो तेव्हा मुलीकडच्या बायका एकमेकींना कोपर मारून मला दाखवत होत्या. मंगलाष्टकं लांबली, तशी मागून कुणी तरी हळूच "गाणं सुरू कधी होतंय?" म्हणालं आणि अक्षता टाकायच्या आधीच लोक हसले. घोडेवाल्याने अक्काकडून पाचशे रुपये जास्तीचे घेतले. नाचायचे वेगळे, म्हणाला. ते मी नंतर अक्काला दिले. तिने मोजून घेतले.

पंगती उठल्यावर संध्याकाळी वाड्याच्या ओट्यावर बसलो. दाजींनी विषय काढायला नको होता, पण काढला. "हे हौस म्युझिक म्हंजे हौसेनं वाजवतेत ते का?"

मी सांगितलं, हौस नाही, हाऊस. आणि हाऊस म्हणजे घरही नाही. शिकागोत 'वेअरहाऊस' नावाची नाचायची जागा होती, १९७७ ला निघालेली. तिथे फ्रँकी नकल्स नावाचा न्यूयॉर्कचा माणूस रात्र-रात्र तबकड्या वाजवायचा. त्या जागेच्या नावातला मागचा अर्धा भाग घेऊन संगीताचं नाव पडलं. वेअरहाऊस म्हणजे आपली वखार.

"वखारीत नाचतेत?" दाजी म्हणाले. त्यांचं सोयाबीन भावाची वाट बघत वखारीत पडून होतं. "मंग माल कुठं ठेवतेत?"

नृसिंहाच्या देवळात भजनाला बसणारे एक आबा भिंतीला टेकून ऐकत होते. रिकाम्या ठेक्याचं कोडं त्यांना सुटलं नव्हतं. सुरुवातीला नुसतं धप धप का, एवढंच त्यांनी विचारलं. दिवसभरात मला विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न. मी म्हणालो, आबा, सप्ताहात पहारा बदलताना तुम्ही काय करता? वीणा खाली ठेवायची नसते. पुढचा माणूस येतो, शेजारी उभा राहतो, तुमच्या चालीत चाल मिळवतो, मग गळ्यातून गळ्यात वीणा घेतो. नाम तुटत नाही. त्यांची तबकडी तशीच बदलते. ते धप धप म्हणजे पुढचा पहारेकरी शेजारी येऊन उभा राहिलाय.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकली. मग ते म्हणाले, "त्यांच्यात पहारा किती तासाचा?"

"रात्रभर. एकच माणूस."

"मंग गाव लहान असंल," आबा म्हणाले आणि झोपायला गेले.

मी परभणीला आलो आणि शिफारशी सोडल्या. खरोखर सोडल्या. महिनाभर कुणाला काही ऐकवलं नाही. विज्ञानाच्या सरांनी तर तब्येतीची चौकशी केली. पेन ड्राइव्ह ऑपरेटरकडेच राहिला होता. पुढे अक्काकडून कळलं की तो आता दर लग्नात माझं गाणं लावतो. सुरुवातीचा रिकामा ठेका कापून टाकलाय, वर स्वतःचं नाव तीनदा ओरडून घातलंय आणि गाण्याला आसपासच्या गावांत 'घोडा मिक्स' म्हणतात. शिकागोला हे कळवावं असं एकदा मनात आलं होतं.

दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न होऊन तिथी सुरू झाल्या तेव्हा, एका अनोळखी नंबरवरून फोन आला. घोडेवाला होता.

"मामा, त्या दिवसाचं राहू द्या," तो म्हणाला. "बादल दुसऱ्या कशावर तसा नाचंना झालाय. तसलं नवीन काही आलंय का?"

मी खुर्चीत सरळ बसलो. गेल्या चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याला थांब म्हणालो आणि रात्री जागून यादी केली. या वेळी क्रमांक घातले. एक, चरणजित सिंगांचा भैरव. दोन, 'इन वेव्ह्ज' मधली दोन गाणी. तीन, मिस्टर फिंगर्सचं 'कॅन यू फील इट', १९८६ चं, माझ्या लेखी या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात सुंदर. ते करणारा लॅरी हर्ड मुळात ड्रमवाला, पण त्यात त्याने ठेक्यावर असं काही धुकं पसरून ठेवलंय की मी ते ऐकताना अजूनही डोळे मिटतो. चार, 'कॅस्केड'. प्रत्येकासमोर दोन ओळी लिहिल्या. घोड्याला कशी वाचून दाखवणार, याचा विचार केला नाही.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. भैरव चालला, म्हणाला. सकाळच्या परण्याला बरा आहे. दुसरंही ठीक. शेवटच्याला घोडा पळतो, ते लावणार नाही.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"तिसऱ्याला उभा राह्यला नुसता," घोडेवाला म्हणाला. "कान पाडून. मी म्हनलं, आता सुरू हुईल, मंग सुरू हुईल."